कूलरवर कूलर: आरमोरीच्या उन्हाळ्यात प्रोसेसरचा इतिहास

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलताना अडखळलो तिथली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आज कूलरबद्दल बोलायचंय. आमच्या आरमोरीत कूलर म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो लोखंडी डबा. तीन बाजूंना ताट्या, खाली पाण्याची टाकी, आत एक छोटा पंप आणि पुढे घरघरणारा पंखा. मार्च लागला की माळ्यावरून खाली उतरतो आणि मृगाचा पाऊस पडला की परत वर जातो. पण गेल्या उन्हाळ्यात मला एका वेगळ्या कूलरचा अभ्यास करावा लागला. तो तळहातावर मावतो, कॉम्प्युटरच्या पोटात बसतो आणि प्रोसेसर नावाच्या चिपला थंड ठेवतो. या दोन कूलरांचं नातं मला तेव्हा कळलं. आजची गोष्ट त्या नात्याची आहे.

माझी मावसबहीण आरमोरीत ऑनलाइन अर्ज भरून देण्याचं छोटं केंद्र चालवते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, सातबारा, शिष्यवृत्ती, परीक्षांचे अर्ज. एक खोली, वर टिनाचं छत, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एक स्कॅनर. एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. "दादा, दुपारी दोन वाजले का हा आपोआप बंद पडते. सकाळी चांगला चालते. काहून असा करते जी?"

त्या दिवशी झालं असं होतं की जवळच्या गावातली एक मुलगी नर्सिंगच्या प्रवेशपरीक्षेचा अर्ज भरायला वडिलांसोबत आली होती. माहिती भरून झाली, फोटो चढवला, सही चढवली, पैसे भरायचं बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गेला. खात्यातून पैसे कापले गेले, अर्ज मात्र अर्धवट राहिला. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशीची. वडील काही बोलले नाहीत, नुसते बाकावर बसून राहिले, असं बहीण सांगत होती. तिला त्याचंच जास्त लागलं होतं.

मी तिला फोनवर सांगितलं, "प्रोसेसर तापत असेल, चांगला कूलर घेऊन टाकू." बोलून गेलो खरा, पण चांगला म्हणजे कुठला? तो शोधायला बसलो आणि इतिहासात शिरलो. मंडळी, इतिहासात शिरण्याची माझी खोड तुम्हाला माहीतच आहे.

तर सुरुवात करू अगदी मुळापासून. विजेवर चालणारा गणकयंत्राचा प्रत्येक भाग वीज खातो आणि खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. गणित करून कुठलीही वस्तू हलत नाही की उचलली जात नाही. आत गेलेले वॉट उष्णता होऊनच बाहेर पडतात. म्हणून कॉम्प्युटरचा इतिहास हा पहिल्या दिवसापासून उष्णता बाहेर काढण्याचाही इतिहास आहे.

1946 साली अमेरिकेत जगासमोर आलेल्या एनिअॅक या यंत्रात जवळजवळ 18,000 निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे 150 किलोवॉट वीज खायचं. जुन्या रेडिओच्या आत लाल तापणाऱ्या काचेच्या नळ्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना कल्पना येईल. तशा अठरा हजार. त्यांच्यासाठी मोठाले झोतपंखे बसवावे लागले.

आपल्याकडे ही गोष्ट मुंबईत सुरू झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी आधी एक लहान नमुना यंत्र केलं आणि 1960 मध्ये पूर्ण आकाराचं यंत्र सुरू केलं. पुढे 1962 मध्ये त्याला टिफ्रॅक हे नाव मिळालं. त्यात सुमारे 2,700 निर्वात नळ्या होत्या, 1,700 जर्मेनियम डायोड आणि 12,500 रोधक. त्या काळात कॉम्प्युटर थंड ठेवायचा म्हणजे खोली थंड ठेवायची. यंत्र कपाटाएवढं किंवा भिंतीएवढं, मग एकेका भागाला कुठे थंड करत बसणार? अख्खी खोलीच वातानुकूलित करायची.

ही सवय आपल्याकडे इतकी मुरली की कारण संपल्यावरही ती राहिली. माझ्या पिढीतल्या लोकांना शाळेतली कॉम्प्युटरची खोली आठवत असेल. चपला बाहेर काढायच्या, पडदे ओढलेले, प्रत्येक मॉनिटरवर कापडाची टोपी. मास्तरांच्या खोलीत पंखा नव्हता, पण कॉम्प्युटरच्या खोलीत दोन असायचे. 2001 मध्ये एमएस-सीआयटी सुरू झालं आणि तालुक्यातालुक्यात वर्ग निघाले, तेव्हाही फीच्या पाटीवर "वातानुकूलित लॅब" असं लिहिलेलं असलं की लोकांना ती लॅब भारी वाटायची.

खरं तर मधल्या काळात यंत्र बरंच थंड झालं होतं. निर्वात नळ्या गेल्या, ट्रान्झिस्टर आले, मग एका चिपवर हजारो ट्रान्झिस्टर बसू लागले. 1971 साली इंटेलने 4004 हा प्रोसेसर काढला, तो जेमतेम एक वॉट खायचा. 1981 च्या ऑगस्टमध्ये आयबीएमचा पीसी आला, त्यातल्या 8088 प्रोसेसरवर ना पंखा होता ना धातूचा तुकडा. काळी चिप उघडीच. डब्यातला एकमेव पंखा वीज पुरवणाऱ्या भागात होता. तेव्हा कोणी "प्रोसेसरसाठी कुठला कूलर घेऊ?" असं विचारलं असतं तर दुकानदार हसला असता.

मग बिघडलं कुठे? वेग वाढवायच्या शर्यतीत. चिप दर सेकंदाला जितक्या वेळा चालू-बंद होते तितकी तापते आणि तिला जितका जास्त व्होल्टेज द्याल तितकी आणखी तापते. 1992 च्या सुमारास 486 मालिकेतल्या वेगवान चिपांवर अॅल्युमिनियमचे कंगव्यासारखे तुकडे चिकटवायची पद्धत आली. 1993 मध्ये पहिला पेंटियम आला, पाच व्होल्टवर चालणारा, सुमारे 15 वॉटचा. पंधरा वॉट म्हणजे आज काहीच वाटत नाही. पण ही उष्णता नखाएवढ्या जागेतून निघत होती. तिथून पुढे प्रोसेसरच्या डोक्यावर धातू आणि त्यावर पंखा हे चित्र घरोघरी आलं.

पंखा बंद पडला तर काय होतं, हे जगाने 2001 मध्ये पाहिलं. टॉम्स हार्डवेअर नावाच्या चाचण्या घेणाऱ्या मंडळींनी चालू कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरून कूलर उचलून काढला आणि त्याचं चित्रीकरण केलं. इंटेलचा पेंटियम 4 मंदावला, पण जिवंत राहिला, कारण तापलं की आपला वेग स्वतःच कमी करायची सोय त्यात होती. एएमडीच्या त्या वेळच्या अॅथलॉनमधून मात्र काही क्षणांत धूर निघाला. त्यानंतर ती सोय सगळीकडे आली. म्हणून आज तुमचा कॉम्प्युटर तापला की आधी कासव होतो आणि तेवढ्याने भागलं नाही तर स्वतःला बंद करून घेतो. माझ्या बहिणीचा कॉम्प्युटर बंद पडत होता तो बिघडला म्हणून नव्हे, जीव वाचवत होता म्हणून.

त्याच 2001 च्या फेब्रुवारीत इंटेलचेच पॅट गेल्सिंगर एका परिषदेत म्हणाले होते की चिपा अशाच वाढत राहिल्या तर काही वर्षांत त्यांच्यातून दर चौरस सेंटीमीटरला निघणारी उष्णता अणुभट्टीइतकी, नंतर रॉकेटच्या नळीइतकी आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाइतकी होईल. लोकांना ही अतिशयोक्ती वाटली असेल. पण 2004 मध्ये पेंटियम 4 ची प्रेस्कॉट ही आवृत्ती आली आणि तिची काही मॉडेलं 115 वॉटपर्यंत गेली. त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने तिच्या पुढचा टेजस नावाचा प्रोसेसर बाजारात येण्याआधीच रद्द केला. नुसता वेग वाढवण्याचा रस्ता उष्णतेने अडवला होता. मग कंपन्या एकाच चिपवर दोन, चार गाभे ठेवायच्या मार्गाला लागल्या आणि 2006 च्या जुलैमध्ये आलेले कोअर 2 ड्युओ 65 वॉटमध्ये जास्त काम करू लागले.

आता या गोष्टीतला आपल्या कामाचा भाग. 2004 मध्येच इंटेलने प्रोसेसर बसवायची जागा बदलली आणि त्यासोबत कूलर बसवायची पद्धतही. आधी खटक्याची पट्टी असायची, ती दाबून अडकवायची. आता आल्या प्लास्टिकच्या चार खुंट्या, मदरबोर्डच्या चार भोकांत "टक्" आवाज येईपर्यंत दाबायच्या. बसवायला सोपं, स्वस्त आणि हजारो कॉम्प्युटर भराभर जोडायला उत्तम. पुढची कितीतरी वर्षं प्रोसेसरच्या खोक्यात तसलाच गोल कूलर येत राहिला. तुमच्या घरातला डेस्कटॉप जुना इंटेलचा असेल तर झाकण उघडून बघा, त्या चार काळ्या खुंट्या दिसतील.

आणि त्याच सुमाराच्या पेंटियम 4 च्या तांत्रिक कागदपत्रांत एक आकडा आहे, तो वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. सोबत येणाऱ्या कूलरचा पंखा डब्यातल्या हवेच्या तापमानाप्रमाणे वेग बदलतो. त्या तक्त्यात असं होतं: डब्यातली हवा 30 अंशांपर्यंत असेल तर नेहमीची परिस्थिती, पंखा सावकाश फिरेल. आणि 38 अंशांच्या आसपास गेली तर ती सर्वांत वाईट परिस्थिती, पंखा पूर्ण वेगाने फिरेल.

38 अंश, तेही डब्याच्या आतले, ही त्यांची वाईटाची हद्द!

आता आमच्याकडे या. आरमोरीहून वैनगंगा ओलांडली की पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी. उन्हाळ्यात बातम्यांत देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांची यादी येते, तिच्यात ब्रह्मपुरी आणि चंद्रपूर ही नावं पाठ झालेली आहेत. 2019 च्या मे अखेरीस चंद्रपूरचा पारा 48 अंशांवर गेला होता. आणि हवामान खात्याचा आकडा सावलीतला, मोकळ्या हवेतला असतो बरं का. टिनाच्या छताखालची खोली, खोलीत टेबल, टेबलाच्या खणात दार लावून ठेवलेला सीपीयूचा डबा, डब्यात प्रोसेसर. जिथे त्यांची वाईटाची हद्द संपते तिथे आमची सकाळ संपते.

इथे एक साधं गणित सांगतो, कागद-पेन्सिल नको. कूलर प्रोसेसरला स्वतःहून थंड करत नाही. तो प्रोसेसरची उष्णता आजूबाजूच्या हवेत सोडतो, बस. त्यामुळे प्रोसेसरचं तापमान म्हणजे आजूबाजूच्या हवेचं तापमान अधिक कूलरची भर. ही भर दर वॉटला किती अंश, यावर कूलर चांगला की वाईट ते ठरतं. हवा 49 अंशांची असेल तर जगातला कुठलाही पंखेवाला कूलर प्रोसेसरला 49 च्या खाली नेणार नाही.

बहिणीच्या कॉम्प्युटरमध्ये सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह होता, सेकंडहँड घेतलेला, 65 वॉटचा. समजा सोबत आलेला साधा कूलर दर वॉटला अर्धा अंश भर टाकतो. म्हणजे पूर्ण काम करताना 32 अंशांची भर. थंड देशातल्या खोलीत 22 अंश, डब्यात पाच अंश जास्त, म्हणून 27. त्यात 32 मिळवा, 59. छान. तोच कूलर आरमोरीत: मी गेलो त्या दुपारी खोलीत 41 अंश होते आणि बंद खणातल्या डब्यात 49. अधिक 32, झाले 81. अजूनही चालेल. पण पंखात धूळ भरली, मधला लेप सुकला, की भर 32 ची 45 होते. मग 94. आणि 100 ही त्या प्रोसेसरची हद्द. अर्ज भरताना प्रोसेसर सतत पूर्ण ताकदीने चालत नाही हे खरं, पण दहा टॅब उघडे, स्कॅनर चालू, मागे अँटिव्हायरस काही तपासतोय, अशा वेळी दोन-चार मिनिटं तो पूर्ण चालतोच. आणि नेमकं त्याच वेळी कोणीतरी पैसे भरायचं बटण दाबतं.

कूलरांच्या ज्या चाचण्या मी वाचल्या आणि पाहिल्या त्या जवळपास सगळ्या वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत घेतलेल्या. त्यात हा कूलर त्याच्यापेक्षा तीन अंशांनी बरा, तो याच्यापेक्षा दोन अंशांनी, असा वाद चालतो. त्यांच्यासाठी तो वाद बरोबर आहे. आमच्याकडे मात्र खोलीच त्यांच्यापेक्षा वीस अंशांनी पुढे उभी असते. म्हणून आरमोरीत कूलर निवडायला बसलात तर पहिला प्रश्न खोलीचा आणि दुसरा कूलरचा.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. बाजारात तीन प्रकार दिसतात. एक तो खोक्यातला गोल. दुसरा उभ्या मनोऱ्यासारखा, ज्यातून तांब्याच्या नळ्या वर गेलेल्या दिसतात. तिसरा पाण्याचा, ज्यात पंप, रबरी नळ्या आणि जाळी असते. यातल्या दुसऱ्याचा इतिहास मला फार आवडला, कारण तो घुमूनफिरून आपल्या माठापाशी येतो.

त्या तांब्याच्या नळ्या भरीव नसतात. आत थोडंसं पाणी आणि भिंतीला सच्छिद्र अस्तर असतं, हवा काढून टाकून नळी बंद केलेली. खालचं टोक प्रोसेसरवर तापलं की तिथलं पाणी वाफ होतं, वाफ वरच्या गार टोकाकडे धावते, तिथे पुन्हा पाणी होऊन अस्तरातून खाली झिरपते. ना पंप, ना वीज. ही कल्पना जनरल मोटर्समधल्या एका अभियंत्याने 1940 च्या दशकात पेटंट केली होती, पण ती विसरली गेली. 1963 मध्ये लॉस अलामॉसच्या प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी ती स्वतंत्रपणे पुन्हा शोधली, आणि अंतराळयानांतली उष्णता हलवायला ती उपयोगी पडली. तिथून ती लॅपटॉपमध्ये आली आणि 2000 नंतरच्या दशकात डेस्कटॉपच्या मनोऱ्यांत. आज दोन-अडीच हजारांत जो कूलर मिळतो त्यात एकेकाळची अंतराळातली विद्या आहे.

आणि विद्या काय, तर पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. हे तर आपल्याला ठाऊकच आहे! माठातलं पाणी गार होतं ते याच नियमाने. अबुल फझलच्या आईन-ए-अकबरीत वाळ्याच्या पडद्यांनी गार केलेल्या खोल्यांचा उल्लेख आहे, तोही हाच नियम. आमचा लोखंडी कूलर म्हणजे त्याच वाळ्याच्या पडद्याला जोडलेला पंखा आणि पंप. एक आकडा सांगतो, मला स्वतःला तो काढल्यावर गंमत वाटली. एक लिटर पाणी पूर्ण वाफ होताना साधारण 24 लाख ज्यूल उष्णता घेऊन जातं. 65 वॉटचा प्रोसेसर सलग दहा तास पूर्ण ताकदीने चालला तर जवळपास तेवढीच उष्णता सोडतो. म्हणजे बहिणीच्या केंद्राच्या अख्ख्या दिवसाची प्रोसेसरची उष्णता एका तांब्याभर पाण्याच्या वाफेत मावते.

तिसरा प्रकार, पाण्याचा. इथेही इतिहास मोठ्या यंत्रांपासून लहानांकडे आलाय. सेमूर क्रे यांच्या 1976 च्या क्रे-1 महासंगणकाच्या सांगाड्यातून फ्रिजमधलं फ्रेऑन फिरायचं. 1985 च्या क्रे-2 मध्ये तर सगळे सर्किट एका वीजरोधक द्रवात बुडवलेले होते. असले महासंगणक आपल्याला सहज मिळेनात तेव्हा 1988 मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली, आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये परम 8000 तयार झाला. एका अवाढव्य प्रोसेसरऐवजी पुष्कळ छोटे जोडायचे हा त्यांचा मार्ग होता. त्याच घराण्यातला परम ब्रह्म 2019 पासून पुण्याच्या आयसरमध्ये आहे, आणि त्यात द्रव थेट प्रोसेसरवर बसवलेल्या धातूच्या ठोकळ्यांतून फिरवून उष्णता बाहेर नेतात. म्हणजे बघा, टिफ्रॅकच्या काळात खोली थंड करत होतो, आता चिपच्या अंगालाच पाणी लावतो.

हे वाचून मलाही मोह झाला, बहिणीला पाण्याचाच घेऊन देऊ. गणित केलं. समजा मनोरा दर वॉटला 0.3 अंश भर टाकतो आणि पाण्याचा 0.2. 65 वॉटला मनोऱ्याची भर वीस अंशांच्या आत, पाण्याची तेरा. फरक सहा-सात अंशांचा. 200 वॉटच्या प्रोसेसरला हाच फरक वीस अंशांचा होतो, तिथे पैसे वसूल. आमच्याकडे नाही. शिवाय पंप बंद पडला तर तो आरमोरीत बदलून कोण देणार? मनोऱ्याचा पंखा गेला तर साधा पंखा गडचिरोलीला, नाहीतर नागपूरला तरी मिळतो, आणि वाट बघत असताना तांब्याच्या नळ्या बिनपंख्याच्याही थोडंफार काम करत राहतात. जिथे दुरुस्ती दूर आहे तिथे जे कमी बिघडतं ते जास्त चांगलं.

मग मी आरमोरीला गेलो. टेबलाच्या खणातून डबा काढला, कापडाचं कव्हर काढलं, झाकण उघडलं. आमचा भाग धानाचा, गावाच्या आसपास राइस मिल. कोंड्याची बारीक धूळ पंखात नमद्यासारखी बसलेली. ब्रशने ती काढत होतो आणि कूलर हाताला किंचित हलला. बघतो तर चार खुंट्यांपैकी एक वर आलेली. कूलरचा एक कोपरा प्रोसेसरला टेकतच नव्हता. 2004 पासूनची ती सोपी, स्वस्त सोय आमच्या मुळावर आली होती. आधी कधी साफसफाईत कोणाचा हात लागला असेल, खुंटी सैल झाली असेल, देव जाणे.

"म्हणजे नवीन घ्यायची गरजच नव्हती का?" बहिणीने विचारलं. प्रश्न बरोबर होता. म्हणून आम्ही एकेक गोष्ट करून मोजत गेलो. जुना लेप पुसला, नवा लावला, खुंटी नीट बसवली. कॉम्प्युटर बंद पडायचा थांबला, पण दुपारी पाऱ्याने 85 गाठलेच आणि तो मंदावल्यासारखा वाटायचा. मग डबा खणातून काढून टेबलावर ठेवला, कव्हर कायमचं काढलं. डब्यातली हवा 49 वरून 44 वर आली. एक पैसा न खर्चता पाच अंश! मग खोलीतला मोठा कूलर थोडा वळवला, पण त्याचा झोत थेट डब्यावर येणार नाही असा. ओलसर वारा आणि उघडं सर्किट यांचं जमत नाही, आणि ताट्यांतून कधी कधी शिंतोडेही उडतात. आपल्याला हवी असते खोलीची गार हवा. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा कूलर काही कामाचा नाही, पण तेव्हा उन्हाचा मारही उतरलेला असतो.

शेवटी नवा कूलर घेतलाच. मे महिना बाकी होता, आणि वीज गेली की मोठा कूलर बंद होतो पण इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालूच राहतो. तेव्हा भर कमी असणं कामी येतं. निवडताना तीन गोष्टी मोजल्या. पहिली, आपल्या मदरबोर्डच्या भोकांना तो बसतो का. दुसरी, उंची. 120 मिलीमीटर पंख्याचे मनोरे दीडशे मिलीमीटरहून उंच जातात आणि आमच्या डब्याचं झाकण लागलं नसतं. म्हणून 92 मिलीमीटर पंख्याचा, बुटका घेतला. तिसरी, बांधणी. मागून धातूची पट्टी लावून स्क्रूने आवळायचा घेतला. खुंट्या पुन्हा नकोत म्हटलं. नागपूरहून येणाऱ्या बसने पार्सल आलं. आता त्याच 41 अंशांच्या खोलीत प्रोसेसर सत्तरीच्या आत राहतो.

आता त्या मुलीच्या अर्जाचं काय झालं, ते तुम्ही विचारणार. तो माझ्या कूलरने भरला गेला नाही. मी पोहोचायच्या आधीच तो भरून झाला होता. ज्या दुपारी कॉम्प्युटर बंद पडला त्याच संध्याकाळी बहिणीने त्या वडिलांना सांगितलं, "उद्या सकाळी सात वाजता या जी. मी उघडून ठेवते." उन्हाळ्यात आमच्या शाळा सकाळच्या, बाजार सकाळचा, शेतावर जाणं पहाटेचं. तिनं कॉम्प्युटरलाही सकाळची शाळा लावली. सात वाजता खोलीत तीस-एकतीस अंश होते. धुळीने भरलेल्या, एक खुंटी निसटलेल्या त्याच कूलरवर अर्ज भरला गेला, पैसे पुन्हा भरावे लागले, ते तिने स्वतःकडून भरले. आधी कापलेले आठ दिवसांनी परत आले, तेव्हा त्या मुलीचे वडील ते द्यायला आले. सोबत घरच्या आंब्यांची पिशवी होती.

मी तिला इतिहास, अंश, वॉट असं सगळं समजावून सांगत होतो तेव्हा तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे दादा, हवा गरम असन तर कूलर का करन? हे तर मले आधीच माहीत होतं."

तर मंडळी, तुमच्याकडे डेस्कटॉप दुपारी मंदावत असेल तर आधी त्याच्या शेजारी एक साधा थर्मामीटर ठेवा. मग झाकण उघडा, धूळ काढा, खुंट्या बघा. डबा कुठल्या कोनाड्यात कोंबलाय का ते बघा. मग बाजारात जा. तुमच्या गावात या दिवसांत कॉम्प्युटरच्या शेजारी पारा किती असतो ते मला जरूर कळवा, पुढच्या भागात वाचून दाखवीन. तोवर पाणी पीत राहा, आणि माठ भरून ठेवा.